पोस्त, बोनस आणि एका महिन्याचा पगार

१/ दिवाळी जवळ आली की दर वर्षी एक संदेश घरोघरच्या फोनवर फिरू लागतो. त्याचा आशय असा : पूर्वी आपल्याकडे पगार आठवड्याचा असे. वर्षाचे ५२ आठवडे म्हणजे चार-चार आठवड्यांचे १३ पगार. इंग्रजांनी मासिक पगाराची पद्धत आणून त्यांतला एक पगार गिळला. लोकांनी आंदोलन केले आणि त्या तेराव्या पगाराची भरपाई म्हणून दिवाळीचा बोनस सुरू झाला.

२/ गोष्ट सुबक आहे आणि हिशेबही वरवर जुळतो. खरा इतिहास मात्र निराळा आहे, आणि अधिक बोधप्रद आहे. बोनस ही हरवलेल्या पगाराची भरपाई नव्हती. पगारवाढ टाळण्यासाठी मालकांनी दिलेली ती तात्पुरती रक्कम होती. कामगारांनी ती हक्क म्हणून मागितली, १९२४ साली ते हरले, आणि जवळजवळ अर्ध्या शतकानंतर तीच मागणी कायद्यात अवतरली. हा धागा त्या मागणीचा आहे.

३/ आरंभी एका जुन्या शब्दाची आठवण करून देणे आवश्यक आहे : पोस्त. दिवाळीला नोकरचाकर, शिपाई, पोस्टमन यांना धन्याने खुशीने जे द्यावयाचे ती पोस्त. ती मागता येते, पण ती मिळाली नाही म्हणून दाद मागता येत नाही. तिची रक्कम देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. पगाराचे तसे नाही; पगार हे देणे आहे. बोनसच्या साऱ्या इतिहासाचा प्रश्न एवढाच होता की, बोनस ही पोस्त समजायची की पगार?

४/ मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी उभारली. तिची कंपनी १८५४ साली स्थापन झाली आणि ताडदेव येथे १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढील तीन दशकांत कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी गिरणगाव भरून गेले. या कामगारांचा पगार महिन्याच्या हिशेबाने ठरत असे, आणि महिना उलटून गेल्यावरही तो बराच काळ हाती पडत नसे.

५/ सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा अशा मागण्यांबरोबर त्यात एक साधी मागणी होती : मागील महिन्याचा पगार निदान पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत तरी मिळावा.

६/ या एका मागणीवरून त्या फिरत्या संदेशाचा निकाल लागतो. मासिक पगार मुंबईच्या गिरण्यांत १८८४ साली रुळलेला होता, पण त्यानंतर कित्येक वर्षे बोनसचे नावही नव्हते. शिवाय महिना चार आठवड्यांचा नसतो. महिन्याच्या पगारात ३० किंवा ३१ दिवसांचे काम मोजलेले असते. त्यात आठवडा कुठे हरवत नाही. लोखंड्यांच्या काळातील गाऱ्हाणे तेराव्या पगाराचे नव्हते. बारा पगार वेळेवर मिळावेत एवढेच होते.

७/ मग पगार वाढवून मागायचा तर तो कोणाकडे? गिरणीच्या मालकाचे दर्शन कामगाराला क्वचितच घडे. त्याच्यापुरती सत्ता म्हणजे जॉबर किंवा मुकादम. कामावर घेणारा तोच, काढणारा तोच, आणि नोकरी टिकवण्यासाठी दस्तुरी घेणाराही तोच. गिरणीच्या दरवाजाशी बदली कामगारांची रांग रोज उभी असे. अशा ठिकाणी एकट्याने ‘पगार वाढवा’ म्हणणे म्हणजे आपली जागा त्या रांगेतल्या दुसऱ्या कोणाला देऊन टाकणे होते. म्हणून मागणी एकट्याची राहिली नाही. ती खात्याची, मग गिरणीची आणि शेवटी शहराची झाली.

८/ पहिल्या महायुद्धाने परिस्थिती पालटली. परदेशी कापडाची आवक घटली, गिरण्यांचा नफा वाढला. त्याच वेळी धान्य, कापड, रॉकेल यांचे भाव चढू लागले. १९१७ साली मुंबईच्या गिरण्यांनी पगाराच्या १० टक्के ‘युद्ध बोनस’ दिला आणि पुढच्या वर्षी तो १५ टक्क्यांवर नेला. भारतातील औद्योगिक बोनसचा आरंभ साधारणपणे येथून मानला जातो.

९/ येथे थोडे थांबून विचार करावा. मालकांनी दर वाढवले नाहीत, बोनस दिला. दर वाढवला की तो सहसा खाली आणता येत नाही, आणणे झाल्यास संपाला तोंड द्यावे लागते. बोनस मात्र मूळ पगाराला न शिवता वर ठेवलेली रक्कम असते. परिस्थिती बदलली की एका नोटिशीने ती काढून घेता येते. ‘बोनस’ या शब्दाची निवड निरागस नव्हती. त्यात परतीची वाट राखून ठेवलेली होती.

१०/ ही परतीची वाट सर्वांत आधी अहमदाबादेत दिसली. १९१७ साली तेथे प्लेगची साथ आली. कामगार शहर सोडून जाऊ नयेत म्हणून गिरण्यांनी ‘प्लेग बोनस’ दिला. विणकरांच्या बाबतीत तो पगाराच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. साथ ओसरली तशी मालकांनी तो बंद करण्याचे ठरवले. प्लेग गेला होता, महागाई मात्र गेली नव्हती. विणकरांनी बोनसच्या जागी ५० टक्के वाढ मागितली. मालक २० टक्क्यांवर अडले.

११/ त्या लढ्यात कामगारांच्या बाजूने अनसूया साराभाई उभ्या होत्या, आणि मालकांचे अग्रणी होते त्यांचे सख्खे बंधू अंबालाल साराभाई. गांधीजींनी आधी हिशेब तपासला आणि ५० ऐवजी ३५ टक्के मागावेत असा सल्ला कामगारांना दिला. २२ फेब्रुवारी १९१८ रोजी टाळेबंदी सुरू झाली. १५ मार्चला गांधीजींनी उपोषण आरंभले आणि १८ मार्चला तडजोड झाली.

१२/ ती तडजोड वाचण्याजोगी आहे. पहिल्या दिवशी ३५ टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशी २० टक्के, म्हणजे मालकांची राहिली. तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निर्णय येईपर्यंत साडेसत्तावीस टक्के. लवाद होते आनंदशंकर ध्रुव. ऑगस्टमध्ये त्यांनी निर्णय दिला तो ३५ टक्क्यांचा. तात्पुरता बोनस गेला आणि त्याच्या जागी मोजून, तपासून ठरवलेली वाढ आली. मुंबईला एवढे साधण्यास पुढे फार काळ लागला.

१३/ मुंबईत जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी काम थांबवले; जानेवारी १९२० मध्ये पुन्हा. १९२० च्या उत्तरार्धात मुंबईचा राहणीखर्च युद्धपूर्व पातळीच्या दुपटीजवळ गेला होता. संपांनंतर महागाईपोटी पगारावर भर पडत गेली. त्याशिवाय गिरण्यांनी आणखी एक पद्धत पाडली. १९१९ पासून १९२२ पर्यंतच्या प्रत्येक वर्षाच्या नफ्यातून कामगाराला एका महिन्याच्या पगाराएवढा वार्षिक बोनस मिळाला.

१४/ सलग चार वर्षे. कामगाराच्या संसारात चार वर्षांत एखादी रक्कम कशी मुरते हे वेगळे सांगण्याची गरज नाही. पगार उशिरा होत असल्याने वाण्याकडची उधारी आणि सावकाराचे व्याज पाचवीला पुजलेले होते. वर्षातून एकदा येणारा तो जादा महिना कर्ज फेडण्यास, गावी पैसे धाडण्यास, लग्नकार्य उरकण्यास लागे. मालकाच्या वहीत ती देणगी होती. कामगाराच्या वहीत ती जमेची बाजू होती.

१५/ जुलै १९२३ मध्ये गिरण्यांत नोटीस लागली : या वर्षी बोनस मिळणार नाही. युद्धानंतरची तेजी ओसरली होती आणि मालकांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. तथापि तेजीच्या वर्षांत भागधारकांना भरघोस लाभांश वाटले गेले होते हे कामगारांनी पाहिले होते. जानेवारी १९२४ मध्ये, बोनस हाती पडण्याची वेळ आली तेव्हा, संप सुरू झाला. फेब्रुवारीच्या आरंभी गिरण्या बंद पडल्या होत्या आणि दीड लाखांहून अधिक माणसे कामाबाहेर होती.

१६/ सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड. समितीपुढचा मुख्य प्रश्न होता : कामगारांचा या बोनसवर रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने काही अधिकार निर्माण झाला आहे काय? समितीचे उत्तर होते, नाही. तिन्ही आधारांवर नाही. १९२३ चा नफा बोनस देण्याजोगा नव्हता, हे मालकांचे म्हणणेही समितीने ग्राह्य धरले.

१७/ मार्च अखेरीस संप मोडला. एका महिन्याच्या पगारासाठी कामगारांनी सुमारे दोन महिन्यांचा पगार गमावला होता. चार वर्षे मिळालेली गोष्ट ही पोस्तच होती, असा शिक्का न्यायासनाच्या अधिकाराने तिच्यावर बसला. ज्यांनी ती सुरू केली त्यांनीच ती थांबवली, आणि थांबवण्यात त्यांनी काही अनुचित केले असे कोणीही सिद्ध करू शकले नाही.

१८/ या पराभवात एक धडा होता. कामगारांकडे संख्या होती, पण कायद्याने मान्य अशी संघटना नव्हती. मजूर संघ कायदा आला तो १९२६ मध्ये. त्यांच्यापाशी गाऱ्हाणे होते, पण नफ्यातला वाटा मोजण्याची सर्वमान्य रीत नव्हती. ‘पूर्वी दिले होते, म्हणून आताही द्या’ एवढ्या युक्तिवादावर ते उभे होते. उपकाराचा पूर्वेतिहास कितीही लांबवला तरी त्यातून हक्क निघत नाही, हे मॅक्लिऑड समितीने रोखठोक सांगितले.

१९/ पुढच्याच वर्षी, १९२५ साली, मालकांनी पगारातच साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. या वेळी कामगार टिकून राहिले. सरकारने डिसेंबरमध्ये कापडावरील अबकारी कर तहकूब केला आणि कपात मागे घेण्यात आली. १९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिन्यांजवळचा सार्वत्रिक संप झाला. त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. संघटना आली, मागणीपत्रे आली. बोनसचा प्रश्न मात्र मागे पडला, कारण आता आहे तो पगार राखणे हेच मोठे काम होऊन बसले होते.

२०/ दुसऱ्या महायुद्धात इतिहासाची जणू पुनरावृत्ती झाली. पुन्हा नफा, पुन्हा महागाई. मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी मुंबईत ४० दिवसांचा संप झाला. १९४१ च्या वर्षापासून गिरण्यांनी पुन्हा वार्षिक बोनस देण्यास सुरुवात केली, आणि पुन्हा तो स्वखुशीचा असल्याचे सांगितले. परंतु आता वाद ऐकण्यासाठी लवाद होते, आणि त्यांचे शब्द बदलू लागले होते.

२१/ १९४२ साली मुंबईतील जनरल मोटर्सच्या वादात लवाद म्हणून न्यायमूर्ती म. क. छागला यांनी एक विचार मांडला. नफा हा भांडवल आणि श्रम या दोहोंच्या सहभागाने निर्माण होतो. म्हणून चांगल्या वर्षी श्रमालाही त्यात वाटा असणे न्याय्य आहे, असा त्याचा आशय. १८ वर्षांपूर्वी ज्या न्यायबुद्धीला हा दावा मान्य नव्हता, तीच न्यायबुद्धी आता दुसऱ्या बाजूने विचार करू लागली होती.

२२/ निर्णायक वर्ष ठरले १९५०. ऑगस्टच्या मध्यावर समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठीच संप पुकारला. दोन लाखांहून अधिक कामगारांचा हा संप ६३ दिवस चालला आणि काही पदरात न पडता संपला. मात्र त्याच वर्षी, गिरणीमालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्यातील वादात, श्रमिक अपील न्यायाधिकरणाच्या पूर्णपीठाने असा निर्णय दिला की पुढील १५ वर्षे देशभरच्या बोनसची गणिते त्यावरच मांडली गेली.

२३/ न्यायाधिकरण म्हणाले की, बोनस ही निव्वळ मर्जीची देणगी मानता येणार नाही. प्रत्यक्ष मिळणारा पगार आणि माणसासारखे जगण्यास लागणारा पगार यांत अंतर आहे, तोवर नफ्यातून ते अंतर काही अंशी भरून काढण्याचा दावा कामगाराला करता येईल. आणि त्यासाठी त्याने एक सूत्र घालून दिले. एकूण नफ्यातून आधी घसारा, यंत्रे बदलण्याची तरतूद, कर, भागभांडवलावर ६ टक्के परतावा आणि खेळत्या भांडवलावर त्याहून कमी दराने परतावा वजा करायचा. जे उरेल ते ‘उपलब्ध शिल्लक’. तीत कामगार, भागधारक आणि कंपनी असे तिघे वाटेकरी.

२४/ उदाहरणार्थ समजा, गिरणीला १०० लाख रुपये नफा झाला. घसारा ३०, यंत्रांसाठी २०, कर २०, भांडवलाचा परतावा १५ लाख. उरले १५ लाख. आता वाद १०० लाखांवर नाही, आणि ‘द्यायचे की नाही’ यावरही नाही. वाद आहे तो १५ लाखांतल्या वाटणीवर, आणि घसारा खरोखर ३० लाख आहे का यावर. मालकाच्या दाराशी उभे राहून मागणारा माणूस आता त्याच्या ताळेबंदात बोट घालून प्रश्न विचारू शकत होता.

२५/ सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या खटल्यात हे सूत्र उचलून धरले. १९६१ मध्ये म. रा. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमला गेला आणि १९६५ साली बोनस प्रदान कायदा झाला. किमान ४ टक्के, कमाल २० टक्के. नफा झाला नाही तरी किमान बोनस द्यावाच लागेल, ही त्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पोस्त आता पगाराच्या जवळ येऊन ठेपली होती.

२६/ १९७२ साली किमान बोनस ८.३३ टक्के झाला. हा आकडा विचित्र वाटतो. तो कोठून आला? १०० ला १२ ने भागून पाहा. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, म्हणजेच एका महिन्याचा पगार. १९२४ साली दीड लाख माणसांनी जे मागितले, आणि ज्यावर त्यांचा कोणताही अधिकार नाही असे सांगितले गेले, नेमके तेच. तेराव्या पगाराच्या दंतकथेमागे सत्याचा अंश असेल तर तो एवढाच.

२७/ हक्क झाला म्हणजे तो कायमचा झाला असेही नाही. १९७५ मध्ये, आणीबाणीच्या काळात, किमान बोनस पुन्हा ४ टक्क्यांवर आणला गेला. संप करण्याची सोय तेव्हा नव्हती. १९७७ च्या सत्तांतरानंतर ८.३३ टक्के परत आले आणि १९८० मध्ये स्थिर झाले. रेल्वे कामगारांनी मे १९७४ च्या संपात बोनस मागितला होता; तो संप चिरडला गेला. उत्पादकतेशी जोडलेला बोनस त्यांना १९७९ मध्ये मिळू लागला.

२८/ गिरणगावाच्या अखेरच्या लढाईची ठिणगीही बोनसचीच होती. ऑक्टोबर १९८१ मध्ये मान्यताप्राप्त संघटनेने केलेला दिवाळी बोनसचा करार कामगारांना पटला नाही. नाराज कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तोवर मागण्या पगारवाढीपर्यंत आणि मान्यतेच्या कायद्यापर्यंत विस्तारल्या होत्या. किती मागायचे यापेक्षा आपल्या वतीने कोणी मागायचे, हा तेथे खरा प्रश्न होता. तो संप विधिवत मागे घेतला गेलाच नाही; गिरण्याच मागे सरकत गेल्या.

२९/ अलीकडचा बदलही पाहू. २०१५ च्या दुरुस्तीने हा हक्क मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना दिला, पण हिशेब ७,००० रुपये किंवा किमान वेतन यांतील जी रक्कम अधिक असेल तिच्यावर करायचा ठरवला. २०,००० मिळवणाऱ्याचा बोनस ७,००० च्या आधारावर मोजला, तर त्याला वर्षाला सुमारे ७,००० रुपये मिळत. त्याच्या महिन्याच्या पगाराच्या जवळपास एक तृतीयांश. टक्केवारी ८.३३ च राहिली; ती कशाच्या टक्केवारीत मोजायची हे बदलले. मागणाऱ्याने टक्क्यापेक्षा पायाकडे अधिक लक्ष ठेवावे, हे जुने शहाणपण येथेही लागू आहे.

३०/ आज अनेक ठिकाणी पगारवाढ मागणाऱ्याला वाढीऐवजी एकरकमी रक्कम, प्रोत्साहनपर भत्ता किंवा ‘या वर्षापुरते’ काहीतरी देऊ केले जाते. ते घेऊ नये असे इतिहास सांगत नाही. १९१७ च्या कामगारांनीही ते घेतले आणि त्यांना त्याची गरज होती. घेताना मात्र तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : ही रक्कम मूळ पगारात धरली जाणार का, ती कशावरून मोजली, आणि ती थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे. जुलै १९२३ च्या त्या नोटिशीपूर्वी हे प्रश्न विचारलेले नव्हते.

३१/ १९२४ च्या संपात उतरलेल्या बहुतेकांना किमान बोनसचा कायदा पाहण्यास मिळाला नसणार. त्यांनी दोन महिने पगाराविना काढले, आणि हरून त्याच गिरणीत त्याच जॉबरपुढे परतले. या दिवाळीला तो संदेश पुन्हा आपल्या फोनवर येईल. तो पुढे धाडण्यापूर्वी या माणसांची आठवण ठेवावी. त्यांचा कोणताही पगार कोणी गिळला नव्हता. जे दया म्हणून मिळत होते, ते देणे म्हणून मिळावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.